तीस शांत रात्री

आपल्या आजाराबद्दल त्याला जे काही माहीत आहे, ते सगळं ऐकीव आहे.

रात्री अकराला तो झोपतो, सकाळी सहाला उठतो. मधे कधीतरी, साधारण पाऊण वाजता, एक माणूस त्याच्या अंथरुणातून उठून बसतो, डोळे सताड उघडे ठेवून ओरडतो, भिंती चाचपतो, हाताला लागेल त्याला ओढतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा आडवा होतो. हा माणूस बायकोने पाहिलाय, मुलीने पाहिलाय, खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी छतातून ऐकलाय. त्याने स्वतः तेवढा पाहिलेला नाही. सकाळी त्याचा घसा बसलेला असतो, बोटांची टोकं हुळहुळत असतात आणि बायको चहाचा कप नेहमीपेक्षा जपून समोर ठेवते. त्यावरून काय ते तो ओळखतो.

वय छप्पन्न. काम लिफ्ट दुरुस्तीचं, एकतीस वर्षं एकाच कंपनीत. अंगाने सडपातळ, कारण जाड माणूस लिफ्टच्या अरुंद शाफ्टमध्ये अडचणीचा. कंपनीत त्याला कुलूप म्हणतात, तोंडावर म्हणतात. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचं असेल तर आधी वर मशीन रूममध्ये जाऊन मेन स्विच पाडायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, असा नियम आहे. जो खड्ड्यात उतरतो, किल्ली त्याची. मग वर कोणाला कितीही घाई असो, खालचा माणूस बाहेर आल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. नियम सगळ्यांना पाठ आहे, पण पाच मिनिटांच्या कामासाठी तो पाळणारे थोडे. हा पाळतो. एकदा खड्ड्यात पडलेला स्क्रू-ड्रायव्हर उचलायचा होता, तर अकरा मजले चढून कुलूप घालून आला.

खाली ताटकळलेला कामावरचा जोडीदार म्हणाला, "काय रे, घरी बायकोलाही कुलूप घालून येतोस का?"

"नाही. ती वरून डोक्यावर पडत नाही."

एकतीस वर्षांत त्याच्या कामावर कोणाच्या नखालाही इजा झालेली नाही. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण ते ओरडणं ऐकलेला प्रत्येक जण त्यामागे अपघात शोधतो. खालचे गृहस्थ एकदा जिन्यात बायकोला थांबवून म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण यांच्या हातून कोणीतरी गेलंय. माणूस उगाच नाही असा किंचाळत." डॉक्टरांनीही पहिल्या भेटीत तेच विचारलं, फक्त शब्द मऊ होते. कोणी गेलेलं नाही म्हटल्यावर डॉक्टर म्हणाले, कारण सापडलंच पाहिजे असं नाही. घरात आणखी कोणाला होतं का? तेव्हा त्याला वडील आठवले. वडील छापखान्यात होते. झोपेत ओरडायचे, आणि आई भांडंभर पाणी त्यांच्या तोंडावर मारायची. छापखान्यातही कोणी गेलेलं नव्हतं.

ओरडतो ते मात्र कामावरचंच. "वर कोण आहे?" शाफ्टमध्ये काम करताना खालच्या माणसाला वर हालचाल जाणवली की तो हे विचारतो, आणि वरच्याने हातातलं सोडून उत्तर द्यायचं असतं. उत्तर आलं नाही तर खालचा भिंतीला चिकटतो आणि जवळ कोणी असेल त्याला आपल्याकडे ओढून घेतो. मुलगी लहान असताना बापलेकींचा हा खेळच होता. तो कामावरून येऊन जिन्याच्या तळाशी उभा राहायचा, "वर कोण आहे?" अशी हाक द्यायचा आणि तिसऱ्या मजल्यावरून चिरका आवाज यायचा, "मी आहे, थांबा!" मग तो पायऱ्या चढायला लागायचा.

सुरुवात नऊ वर्षांपूर्वी झाली. तेव्हा वर्षातून दोनदा-तीनदा व्हायचं. बायको सकाळी हसत सांगायची आणि तोही हसायचा. तीन वर्षांपूर्वी त्याला रात्रपाळीचे अडकलेल्या लिफ्टचे फोन घ्यावे लागले. ते सात महिने झोपेचं काही खरं राहिलं नाही. रात्रपाळी संपली, पण हे वाढलं ते वाढलंच. एकदा तो अनवाणी जिन्यात दोन मजले खाली गेलेला सापडला, कठड्यावरून वाकून हाका मारत. त्यानंतर त्याने घराच्या दाराला आतून कुलूप घालायला सुरुवात केली आणि किल्ली नाडीत ओवून स्वतःच्या गळ्यात अडकवली.

"तुमच्या गळ्यात कशाला?" बायकोने विचारलं होतं. "माझ्याकडे द्या की."

"जो खड्ड्यात, किल्ली त्याची," तो म्हणाला.

झोपेतही त्याचे हात कामाचे हात होते. अंधारात, डोळ्यांना काही दिसत नसताना, ते कुलूप त्याने चार वेळा उघडलं. तरी दोन वर्षं किल्ली त्याच्याच गळ्यात राहिली. एकतीस वर्षं पाळलेल्या नियमावर त्याला शंका घ्यावीशी वाटली नाही, आणि बायकोने पुन्हा विचारलं नाही.

डॉक्टरांकडे ते नऊ महिन्यांपूर्वी गेले. खोलीतलं टोकदार सामान काढा, काच काढा, झोप वेळेवर घ्या, ते उठले तर अडवू नका, हलवून जागं करू नका, दाराला बाहेरून कुलूप नको कारण आग लागली तर काय. असं बरंच सांगून झाल्यावर ते म्हणाले, नोंद ठेवा. ठरावीक वेळेला होत असेल तर त्याआधी पंधरा मिनिटं त्यांना पूर्ण जागं करायचं, दोन शब्द बोलायचे आणि पुन्हा झोपू द्यायचं. काही जणांना याने उतार पडतो.

नोंदीचं नाव काढल्यावर त्याच्या जिवात जीव आला. प्रत्येक लिफ्टची एक वही असते आणि ती नीट लिहिलेली असेल तर अर्धं काम तिथेच होतं. त्याने शंभर पानी वही आणली, पट्टीने रकाने पाडले: वेळ, काय दिसलं, काय केलं, सही. बायकोला बसवून समजावलं. दिसलं तेवढंच लिहायचं. का झालं ते लिहायचं नाही. झालं नाही तर झालं नाही असं लिहायचं, रकाना मोकळा सोडायचा नाही.

"परीक्षा आहे का माझी?" ती म्हणाली. पण लिहायला लागली.

ती हॉटेलांच्या चादरी इस्त्री करणाऱ्या लॉन्ड्रीत काम करते. सकाळी सातला उभी राहते ती साडेतीनपर्यंत. आता तिच्या उशीखाली रात्री बारा पंचवीसचा गजर लागला. ती त्याला बसवायची, "आज वार कोणता?" विचारायची. त्याने बरोबर वार सांगितला की पुन्हा झोपू द्यायची. कधी तो बुधवारला रविवार म्हणायचा, मग ती त्याला पाणी पाजून पुन्हा विचारायची. पहिल्या महिन्यात आठवड्याला पाचवरून दोनवर आलं. चौथ्या महिन्यात आठवड्याला एक. पाने भरत गेली.

आठव्या महिन्यात मुलीचा फोन आला. तिचा नवरा जहाजावर सहा महिन्यांसाठी गेला होता, बाळ चार महिन्यांचं होत होतं आणि तिची रजा संपत आली होती. भाड्याची जागा सोडून सहा महिने आई-बाबांकडे राहावं, असं तिच्या मनात होतं. बायको फोनवरच रडली. त्याने फोन घेतला आणि म्हणाला, "थोडं थांब."

लिफ्टमध्ये अधूनमधून येणारा दोष सगळ्यात वाईट. कायमचा दोष सापडतो. येणारा-जाणारा दोष मेकॅनिक समोर असताना येत नाही. असा दोष दुरुस्त केला तरी वहीत 'मिटला' असं लगेच लिहीत नाहीत. तीस दिवस देखरेख असते. त्यात एकदाही आला नाही तर मिटला. त्याने घरी तोच हिशेब लावला. लागोपाठ तीस शांत रात्री झाल्या तर मुलीने यायचं. एक जरी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

एकतिसाव्या दिवशी, गुरुवारी, बायकोने वही त्याच्यासमोर टाकली. "झाले तुमचे तीस. रविवारी येतेय ती."

त्याने चष्मा लावला आणि सही करण्याआधी पाने चाळली. एरवी तो वही वाचत नसे. स्वतःबद्दलचं वाचायला नको वाटायचं. त्या संध्याकाळी मात्र तो पहिल्या पानापासून बसला.

जुनी पाने खरी होती. कुठे निळं पेन, कुठे पेन्सिल, एका ठिकाणी कपाचा गोल डाग. १२.४१, १२.५०, १२.३८. 'वार चुकीचा सांगितला.' 'कपाट ढकललं.' 'मला ताई म्हणाले.' 'पाणी प्यायले, शिव्या दिल्या, झोपले.' शेवटच्या तीस रात्रींच्या पहिल्या आठ नोंदीही तशाच. नवव्या रात्रीपासून मात्र ओळी सरळ झाल्या होत्या. '१२.२५ ला उठवलं. वार बरोबर. शांत.' '१२.२५ ला उठवलं. वार बरोबर. शांत.' बावीस वेळा.

अशा पानांना त्याच्या धंद्यात टेबलावरची पाने म्हणतात. मेकॅनिक इमारतीत गेलेलाच नसतो. महिन्याच्या शेवटी चहा पिता पिता तो सगळ्या तारखा भरतो. ती पाने ओळखायला एक नजर पुरते, कारण खऱ्या नोंदी कधी एकसारख्या नसतात. त्याने स्वतः दोघांना असं पकडलं होतं. त्यातल्या एका चष्मेवाल्याची नोकरी त्याच्या अहवालावरून गेली.

बायको ओट्याशी बटाटे सोलत होती.

"हे केव्हा लिहिलंस?"

"रोज. तुमचाच हुकूम आहे ना."

"एका बैठकीत लिहिलंयस."

"काहीतरीच काय."

"पेन एक. अक्षराचा दाब एक. रोज बारा पंचवीस. एक दिवस सव्वीस नाही."

तिने मागे वळून पाहिलं नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सुरी तिच्या डाव्या हातात आहे. पंधरा दिवसांपूर्वी तिने लॉन्ड्रीत इस्त्री-मशीनचा दांडा खांद्याला लागल्याचं सांगितलं होतं. त्याने तेव्हा मशीनची बनावट विचारली होती आणि दांड्याला रबर लावायला हवं असं म्हणाला होता.

"उजवा हात वर कर."

"पोलीस आहात का?"

"वर कर."

हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

मग तिने सांगितलं, बटाटे सोलत सोलतच. चार रात्री झालं होतं. सकाळच्या बसलेल्या घशाला तिने सर्दी म्हणून काढा दिला होता. तिसऱ्या वेळी त्याने तिचं मनगट धरून तिला पलंगावरून भिंतीकडे खेचलं होतं. 'बाजूला हो, बाजूला हो' म्हणत होता. तिला वाचवत होता, एवढं तिला कळत होतं. खांदा निखळला. सकाळी कामावर जाण्याआधी ती एकटीच दवाखान्यात जाऊन बसवून आली.

"आणि बाकीच्या रात्री?"

"बाकीच्या माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही हो! गजर वाजतो आणि मला ऐकूच येत नाही. नऊ महिने झाले. उभ्या उभ्या झापड येते मला. परवा दोन चादरी करपवल्या. सकाळी उठून बघते तर तुम्ही पलंगावर असता. शांत असाल म्हणून शांत लिहिलं. दुसरं काय लिहू? 'मी मेल्यासारखी झोपले होते'?"

"तेच लिहायचं."

"तेच लिहिलं असतं तर ती आली असती?"

"तिने जागा सोडलीय. बाळाला कोणाकडे तरी टाकून कामावर जाईल ती, दुसरीकडे कुठेतरी राहील, आणि मी आपली रविवारी पाहुण्यासारखी जाऊन बघून यायचं. तुमचा दोष मिटेपर्यंत नात शाळेत जायला लागेल."

"चार महिन्यांची आहे," तो म्हणाला. "तिला असं ओढलं तर?"

सुरी थांबली.

"चष्मेवाल्याची नोकरी घालवलीत," ती म्हणाली. "आता माझी कोणती घालवणार?"

दुसऱ्या दिवशी नऊ मजली दवाखान्याच्या इमारतीत काम होतं. त्याने मेन स्विच पाडला, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि खाली येऊन खड्ड्यात उतरला. काम तेल-पाण्याचं होतं, वीस मिनिटांचं. त्याला पाऊण तास लागला. जोडीदाराने दोनदा हाक मारली. वर आल्यावर तो इतकंच म्हणाला, "दोन वर्षं किल्ली चुकीच्या माणसाकडे होती." जोडीदाराला वाटलं, कुठल्यातरी इमारतीबद्दल बोलतोय. घरात खड्ड्यात तो नव्हता. तो वरून येणारी लिफ्ट होता, आणि खाली बायको होती.

शनिवारी त्याने अडगळीची खोली रिकामी केली. चार फूट रुंद, सात फूट लांब, खिडकी नाही, दाराच्या वर हात जाईल एवढा झरोका. फळ्या उतरवल्या, खिळे उपटले, भिंतींना छातीइतक्या उंचीपर्यंत जुन्या गाद्या ठोकल्या, जमिनीवर अंथरूण टाकलं. मग दाराला बाहेरून नवा कडी-कोयंडा बसवला, लांब स्क्रूंनी, आतून तीनदा खांदा मारून पाहिला. कुलूप स्वतःचं वापरलं, कामावरचं.

"डॉक्टर नको म्हणाले होते," बायको दारात उभी राहून म्हणाली.

"माहीत आहे."

"कोंडून घेणार स्वतःला?"

"वही आण."

चार रात्रींसमोर त्याने तिला तांबड्या पेनाने खरं काय झालं ते लिहायला लावलं. बाकी अठरा रात्रींसमोर तिने 'माहीत नाही' असं लिहिलं. अठराव्या वेळी अक्षर वेडंवाकडं झालं होतं, कारण खांदा दुखायला लागून तिने पेन डाव्या हातात घेतलं होतं.

रविवारी मुलगी आली. दोन बॅगा, एक घडीचा पाळणा आणि छातीशी बांधलेलं बाळ. बायकोने बाळ घेतलं, चांगल्या खांद्यावर. त्याने बॅगा भिंतीशी ठेवल्या आणि टेबलावर वही उघडून ठेवली.

"आधी हे वाच. मग बॅगा उघड."

"बाबा, आल्या आल्या अभ्यास?" ती हसत बसली. पुढचा अर्धा तास ती हसली नाही. तांबड्या ओळींपाशी आल्यावर तिने आईकडे पाहिलं.

"फोनवर म्हणालीस, एकदम छान चाललंय."

"छानच चाललं होतं," आई म्हणाली. "दिवसा."

मुलगी उठली, अडगळीच्या खोलीत गेली, गाद्या दाबून पाहिल्या, दार आतून ढकललं. मग बाहेर आली.

"आग लागली तर?"

"तर तू उघड."

"आणि मला जाग नाही आली?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "तुला राहायचं नसेल तर आत्ताच सांग. गाडी करून देतो. मी वाईट वाटून घेणार नाही."

"मी घेईन," बायको म्हणाली. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

मुलीने बाळाच्या पाठीकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "किल्ली द्या. एक महिना. माझ्या डोळ्यांनी बघते, मग ठरवू. आणि आई, तू आजपासून गजर लावायचा नाहीस." त्याने गळ्यातली नाडी काढली, त्यातली घराची किल्ली सोडवली, कुलपाची ओवली आणि मुलीच्या हातात दिली. तिने ती गळ्यात घातली.

रात्री अकराला तो आत गेला. बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज त्याने ऐकला. त्याला तो आवाज चांगला ओळखीचा होता, पण आजवर तो नेहमी कुलपाच्या बाहेर उभा असे.

सकाळी सहाला दार उघडलं. त्याचा घसा बसलेला होता. बायको अजून झोपली होती. नऊ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या उशीखाली गजर नव्हता, आणि रात्री काहीही झालं तरी ती उठली नव्हती. मुलगी टेबलाशी बाळाला घेऊन बसली होती, डोळे लाल. तिने वही त्याच्याकडे सरकवली. तिचं अक्षर त्याच्यासारखंच, आखूड.

'१२.३० ला बाळाला पाजायला उठले. १२.४४ ला सुरू. "वर कोण आहे" असं अकरा वेळा. दारावर धक्के, बहुतेक खांद्याने. दार टिकलं. मी बाहेरून तीनदा उत्तर दिलं, "मी आहे, थांबा." फरक पडला नाही. १.०१ ला शांत. बाळ रडलं. १.४० पर्यंत रडत होतं. दार उघडलं नाही.'

त्याने दोनदा वाचलं. 'तीनदा उत्तर दिलं' या शब्दांपाशी त्याचं बोट थोडा वेळ थांबलं.

"सही नाही केलीस," तो म्हणाला.

तिने सही केली. त्याने वही स्वतःकडे ओढली, खाली तारीख घातली आणि लिहिलं: 'दोष कायम. देखरेख, दिवस पहिला.' मग मुलीकडून किल्ली घेतली, कुलूप पुसून कामाच्या पिशवीत टाकलं, कारण दिवसा ते कंपनीत लागत होतं. निघताना म्हणाला, संध्याकाळी येताना घरासाठी दुसरं घेऊन येतो.